वाढत्या अंगाचं

मराठी मूल जन्माला येतं तेच दुसऱ्याच्या उतरलेल्या कपड्यांत. तान्ह्या बाळाला नवं कोरं कापड लावायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. पणजीचं धुऊन धुऊन मऊसूत झालेलं लुगडं फाडून दुपटी करायची, आजोबांच्या धोतराचे लंगोट करायचे, आणि झबलं शक्यतो अशा घरून मागून आणायचं जिथलं पोर गुटगुटीत आहे आणि रात्री फारसं रडत नाही. झबल्याबरोबर हे गुणही येतात अशी समजूत. आमच्याकडे झबल्याबरोबर फक्त तेलाचे डाग आले. तरीही रीत शहाणपणाचीच. नव्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला काचते, आणि शंभरदा धुतलेल्या सुतात टोचायचं त्राणच उरलेलं नसतं.

म्हणजे आयुष्याची सुरुवात तरी काटकसरीत झाली. मग बारसं होतं आणि सगळी घडी विस्कटते. येणारा प्रत्येक पाहुणा ‘० ते ३ महिने’ असं लिहिलेला खोका घेऊन येतो. रोज तीन वेळा कपडे बदलले तरी सगळे खोके उघडून व्हायच्या आत बाळ त्या मापातून बाहेर पडतं. कारण बाळाचा वाढायचा वेग. जन्मताना साधारण ५० सेंटिमीटरचं बाळ पहिल्या वाढदिवसाला ७५ सेंटिमीटरच्या आसपास पोचतं. हाच वेग टिकला असता तर बारावीला बसेपर्यंत ते पाच मीटरचं झालं असतं, म्हणजे एका साडीला जेमतेम अर्धा मीटर कमी. निसर्गाला आईबापांची दया आली आणि शाळेच्या वयात त्याने ही वाढ वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर आणून ठेवली. पाच सेंटिमीटर म्हणजे दोन इंच. आपल्या आज्या फ्रॉकच्या घेराला नेमकी दोन इंच दुमड का ठेवायच्या, ते आता कळलं का? त्यांनी बालरोगतज्ज्ञांचा तक्ता पाहिलेला नव्हता. दर जूनला उघडी पडणारी पोटरी पाहिलेली होती.

‘वाढत्या अंगाचं घे’ हे वाक्य मराठी घरात मंत्रासारखं पुटपुटलं जातं. त्याचा अर्थ असा की कपड्याने पहिल्या वर्षी मुलावर लोंबायचं, दुसऱ्या वर्षी बसायचं, आणि तिसऱ्या वर्षी आखूड झाल्यावरही ‘अजून चांगला आहे की’ म्हणून अंगावर राहायचं. यातल्या दुसऱ्या वर्षी तो कपडा मापाचा असतो, पण तोवर त्याचा रंग उडालेला असतो. म्हणजे मापाचा आणि नवा असा कपडा मुलाच्या अंगावर एकाच वेळी कधीच नसतो. एक तर माप मिळतं, नाही तर रंग. दुमड सोडली की आणखी एक गंमत होते. आत लपलेला कापडाचा पट्टा उन्हापासून आणि निरम्यापासून वाचलेला असतो, त्यामुळे आकाशी झालेल्या स्कर्टाच्या तळाशी मूळचा निळा रंग उगवतो आणि जुन्या शिवणीची पांढुरकी रेघ मधोमध राहते. ती झाकायला नागमोडी लेस. पुढल्या वर्षी आणखी एक लेस. एखाद्या मुलीच्या स्कर्टाला तीन लेसा दिसल्या की शेजारच्या बायका वेगळी चौकशी करत नाहीत. मुलगी चौथीत आहे आणि घर नेकीचं आहे, एवढं त्यांना दुरूनच कळतं.

कुटुंबात मुलांच्या कपड्यांचा एक स्वतंत्र वारसा हक्क चालतो आणि त्याला कोर्ट लागत नाही. ठाण्याच्या मोठ्या चुलतबहिणीचे कपडे पुण्याच्या धाकटीला, तिचे साताऱ्याला मामेबहिणीला, आणि साताऱ्याहून पुढे शेतावरच्या गड्याच्या पोरीला किंवा फरशी पुसायला. दिवाळी आणि मे महिना हे या दळणवळणाचे दोन हंगाम. कपड्यांनी फुगलेली पिशवी येते तेव्हा तिच्याबरोबर अटीही येतात. ‘तो पिवळा फ्रॉक मात्र परत दे हं, पहिल्या वाढदिवसाचा आहे.’ ‘त्या स्वेटरला मशीनमध्ये टाकू नकोस.’ ज्या अर्थी ही सूचना मिळाली त्या अर्थी तिने स्वतः तो मशीनमध्ये टाकलेला असतो, आणि म्हणूनच तो पाच वर्षांच्या मापाचा स्वेटर आपल्या अडीच वर्षांच्या पोराला चपखल बसतो. घरोघरी जुने अल्बम काढून बघा. एकच मरून मखमली फ्रॉक तीन वेगवेगळ्या मुलींच्या अंगावर, तीन वेगवेगळ्या केकांसमोर उभा असतो. मुली बदलल्या, केक बदलले, फ्रॉकने मात्र आपली जागा सोडली नाही.

थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा असेल तर या वारशात वाद निर्माण होतात. झालरी उसवल्या, गुलाबी फूल काढून तिथे मोटार लावली, तरी बटणं चुगली करतात. पुरुषांच्या सदऱ्याची बटणं उजव्या बाजूला आणि बायकांच्या पोशाखाची डाव्या बाजूला, हा विलायतेतून आलेला शिरस्ता. एरवी चष्म्याशिवाय ताटातलं मीठ न दिसणाऱ्या आत्याबाईंना लग्नाच्या मांडवात पंधरा फुटांवरून ही बटणं दिसतात. ‘बहिणीचा का गं हा शर्ट?’ त्या मोठ्याने विचारतात. वर ‘छान दिसतोय हो’ असंही म्हणतात.

नात्यातलं उतरलेलं चालतं, पण अनोळखी माणसाचं उतरलेलं म्हटलं की आपल्या नाकाचे शेंडे वर जातात. पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे नवरा जुना स्क्रू-ड्रायव्हर आणतो तेव्हा तो ‘दर्दी’ असतो. बायकोने तिथून लेकरासाठी कॉर्डरॉयची पँट आणली की ‘कुणाची असेल कोण जाणे’ हा प्रश्न घरात तीन दिवस मुक्कामाला येतो. खरं तर सेकंडहँड मालाचा केवढा तरी व्यापार या देशातून वाहतो. परदेशात टाकून दिलेल्या कपड्यांचे गठ्ठे कांडल्याला उतरतात, तिथे त्यांची निवड होते. हरियाणातल्या पानिपतला जुन्या स्वेटरांच्या चिंध्या करून, त्या पिंजून, पुन्हा सूत काढून घोंगड्या विणतात. मराठी माणसाने ज्या गावी तलवारी गमावल्या त्याच गावच्या ब्लँकेटात तो आज रेल्वेत आणि गणपतीच्या मांडवात निश्चिंत झोपतो. ते ब्लँकेट पूर्वी कुणाच्या अंगावर स्वेटर म्हणून होतं, हे विचारायला कुणी उठून बसत नाही.

असो. जुन्याचं नवं करायचं ठरलं की पहिलं काम म्हणजे कापडाची तपासणी. इथे एक मूलभूत सत्य ध्यानात येतं. माणसं वेगवेगळ्या ठिकाणी झिजतात. कचेरीतला बाप बसून झिजवतो, त्यामुळे त्याच्या पँटची बैठक आरशासारखी चकाकते आणि गुडघे कोरे करकरीत राहतात. मूल पडून झिजवतं, त्यामुळे त्याचे गुडघे पहिल्या महिन्यात जातात आणि बैठकीला धक्का लागत नाही, कारण ते बसतच नाही. म्हणून बापाच्या पँटच्या मांडीपासून पोटरीपर्यंतच्या कापडातून मुलाची अर्धी पँट निघते. शर्ट आधी कॉलरीच्या घडीवर आणि कफांच्या कडेला विरतो. पँटमध्ये खोचलेला खालचा भाग वर्षानुवर्षं गुलदस्त्यात असल्याने नवाच राहतो. साडी तळाला, फॉलच्या कडेने जाते आणि खांद्यावर पिनांनी चाळण होते. नेसताना पहिला वेढा जातो तो आतला भाग मात्र कुणी पाहिलेलाच नसतो. सहावारी साडी साडेपाच मीटरची. तिच्यातला धड भाग काढला तरी चार वर्षांच्या मुलीचा भरपूर घेराचा फ्रॉक आणि वर परकर निघतो. फाटलेल्या लुगड्याचा खराब भाग मधून काढून दोन धड तुकडे जोडायचे, याला आपल्या आज्या दंड घालणं म्हणत. त्या काळी दंड घातलेलं लुगडं नेसून बाई निःसंकोच देवळात जाई. आज गुडघ्याला ठिगळ लावून पोराला सोसायटीच्या बागेत पाठवलं तर दोन शेजारणी येऊन ‘सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे?’ असं हळूच विचारून जातात.

दुसरं काम म्हणजे मशीन. प्रत्येक घरात एक पायमशीन असतं आणि त्यावर टेबलक्लॉथ असतो. आईने शिवणक्लास लावला होता तेव्हा घेतलेलं उषा किंवा मेरिट. १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने उषा काढलं आणि पुढे ते रुखवतात, हप्त्यावर, नाही तर बोनसातून घराघरात शिरलं. शिरलं ते बाहेर पडलं नाही. त्यावर टीव्ही बसला, मग कुंड्या, मग शाळेच्या वह्यांचा ढीग. महात्मा गांधींचा यंत्रांवर राग होता, पण शिवणयंत्राला त्यांनी सूट दिली होती. सिंगरने बायकोला हाताने टाके घालताना पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी तिचे कष्ट वाचवायला हे यंत्र केलं, असं ते १९२४ साली कौतुकाने म्हणाले होते. चरित्रकार जरा वेगळं सांगतात. आयझॅक सिंगरने १८५१ साली पेटंट घेतलं ते पैशावर डोळा ठेवून. त्याचे संसार एकाहून अधिक होते आणि सगळी मिळून लेकरं वीसहून जास्त. इतक्या मुलांच्या बापाने शिवणयंत्रात लक्ष घातलं नसतं तरच नवल.

वर्षानुवर्षं झोपलेलं मशीन उठवायचं म्हणजे आधी तेल. तेल पाजलं की ते पहिल्या दिवशी कापडावर ओकतं. मग पट्टा सैल झालेला असतो. मग बॉबिन केस सापडत नाही. ती सुपारीच्या डब्यात सापडते. सगळं जुळवून पायटा दाबला की मशीन उलटं फिरतं आणि खाली दोऱ्याचं घरटं करून ठेवतं. इतक्यात धाकटा येऊन पायट्यावर उभा राहतो, कारण त्याच्या लेखी ती आगगाडी असते. सासूबाई दुरून बघत असतात. ‘अगं, वरचा दोरा दांडीतून घातलाच नाहीस तू,’ त्या म्हणतात. त्यांना हे बसल्या जागेवरून, मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी दिसलेलं असतं.

मोबाइलवरच्या व्हिडिओत हे सगळं नसतं. तिथे एक हसतमुख बाई नवऱ्याचा शर्ट टेबलावर पसरते, कात्री चालवते आणि पाचव्या मिनिटाला मुलगी फ्रॉक घालून गिरकी घेते. उसवायचं काम त्यात दाखवत नाहीत. जुन्याचं नवं करण्यातलं निम्म्याहून अधिक काम शिवण्याचं नाहीच, उसवण्याचं आहे. तयार शर्टाची शिवण दुहेरी असते, टाके बारीक, आणि कारखान्यातल्या मशीनने असं घट्ट बसवलेलं असतं की त्या शर्टाने नवऱ्याला सात जन्म सोडायचं नाही. ब्लेडने एकेक टाका कापत जायचं. तिसऱ्या टाक्याला कापड कापलं जातं.

शर्टाचा फ्रॉक करण्याची रीत मात्र सुरेख आहे, ती सांगतेच. कॉलर आणि बाह्या उसवायच्या. शर्ट उलटा फिरवायचा, म्हणजे पाठ पुढे आणि बटणांची पट्टी मागे. खांदे आत घ्यायचे, मुंढा मुलीच्या मापाचा कापायचा. बाह्यांच्या कापडातून तिरक्या उरेब पट्ट्या काढून गळ्याला आणि मुंढ्याला पायपिंग करायची. सरळ पट्टी वळणावर चुण्या पाडते, उरेब पट्टी वळते. तळाचा घेर शिवलेलाच मिळतो, काजं-बटणं तयार मिळतात. एवढं सगळं फुकट पदरात पडल्यावर एकच अडचण उरते, ती खिशाची. शर्टाचा खिसा आता मुलीच्या पाठीवर आलेला असतो. तो उसवून काढावा तर खाली गडद रंगाचा चौकोन आणि भोवती सुईच्या भोकांची रांग. वर्षानुवर्षं पेन, पास आणि वाण्याची यादी बाळगलेल्या खिशाने जाताना आपला पत्ता मागे ठेवलेला असतो. त्यावर सशाचं चित्र शिवायचं. ससा पाठीवर का, असं कुणी विचारलं तर फॅशन म्हणून सांगायचं.

टी-शर्टाच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये. होजिअरीचं कापड विणलेलं नसून गुंफलेलं असतं. साधी टोकदार सुई त्याचे फासे तोडते किंवा मधलेच टाके गाळते. त्याला बोथट टोकाची वेगळी सुई लागते. जीन्सला १६ नंबरची जाड सुई लागते, आणि तरीही दोन शिवणी एकावर एक येतात तिथे ती मोडतेच. सुई मोडल्याचा आवाज अख्ख्या घरात जातो आणि आतल्या खोलीतून नवरा विचारतो, ‘झाली का पँट?’

आता खर्चाकडे येऊ, कारण हा सगळा खटाटोप काटकसरीसाठी होता. कापड फुकट. दोऱ्याची रिळं हवीत, रंगाला रंग जुळणारी. इलास्टिक. चेन. टिचबटणं. कडा उसकटू नयेत म्हणून कोपऱ्यावरच्या फॉल-पिकोवाल्याकडून इंटरलॉक. हे आणायला तुळशीबागेत जायचं, आणि तुळशीबागेतून कुणी फक्त इलास्टिक घेऊन परत आल्याचं पुण्याच्या इतिहासात नमूद नाही. लेस दिसते, बटणांवर हत्ती दिसतात, मग हत्तीच्या बटणांना शोभेल असं नवं कापडही दिसतं. रिक्षाचं भाडं धरून हिशेब केला की आपण फुकटच्या शर्टातून बेतलेला फ्रॉक तिथेच बाहेर हँगरला दीड-दोनशेला लटकत असतो, वर त्याला खिसा असतो तो पुढच्या बाजूला. घरातला हिशेबनीस हे बोलून दाखवतो. त्याला एवढंच सांगायचं, की तुझा शर्ट वाया गेला नाही ना?

मग मनात येतं, शिंप्याकडे का देऊ नये. ‘श्यामची आई’तल्या श्यामने पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेला, ते वाचून आपण सगळे रडलो. पण त्याने तो शिंप्याकडून शिवून घेतला होता हे विसरू नका. घरी शिवला असता तर रडायची पाळी भावावर आली असती. आजचे टेलरमास्तर मात्र जुन्याला हात लावत नाहीत. पँट पुढे केली की ते ती उलटी करतात, उजेडात धरतात, शिवणीतली माया बोटाने चाचपतात.

‘कुणासाठी?’

‘सात वर्षांचा मुलगा आहे, मास्तर.’

‘कापड आणा ताई, नवीन शिवून देतो.’

‘हे कापडच आहे की!’

‘हे कापड नाही,’ मास्तर घडी घालून परत देतात, ‘ही पँट आहे.’

यात तथ्य आहे. अखंड कापडावर खडू ओढला की कात्री बेफिकीर चालते. पँटमध्ये आधी खिसा चुकवायचा, मग चेन, मग शिवण, मग डाग, आणि या सगळ्यांच्या मधून कापडाचा उभा धागा सरळ ठेवायचा. शिलाई मात्र गिऱ्हाईक अर्धीच देऊ करतं, का तर ‘कापड आमचंच आहे’.

राहता राहिली बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई आपली खरी प्रतिस्पर्धी. गोणीभर कपडे तिच्यापुढे ओतले की तिची नजर फिरते ती थेट त्याच जरीच्या साडीवर थांबते, जिच्यातून आपण पोरीचा परकर-पोलका बेतायचा ठरवलेला असतो. बाकीच्या ढिगाला ती बोटही लावत नाही.

‘ह्यात चहाची गाळणी पण येत नाही, वहिनी.’

‘अहो, पँट बघा ना, कापड किती भारी आहे.’

‘सीट गेली तिची.’

‘पुढून तर बघा!’

‘पुढून येणारा माणूस मागून जातो पण ना?’

शेवटी साडी जाते, पातेलं येतं, आणि पँट आपल्याकडेच राहते. धंदा समजून कपडा पारखणारी ती एकटीच. आपण तर प्रत्येक कपड्यात आठवण पारखत बसतो. तिने नाकारलेला कपडा आपणही शिवायला घेऊ नये, एवढं एक पथ्य पाळलं तरी पुष्कळ मनस्ताप वाचतो.

जुन्याचं नवं करण्याचं हे दुखणं फक्त आपलं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १ जून १९४१ पासून, ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन आलं, आणि १९४३ साली तिथल्या सरकारने जुनं दुरुस्त करून वापरण्याची पुस्तिकाच काढली: मोठ्यांच्या कपड्यांतून मुलांचे कसे बेतावेत, ठिगळ कुठे आणि कसं लावावं. अमेरिकेत मंदीच्या काळात बायका पिठाच्या सुती पोत्यांचे मुलींना फ्रॉक शिवू लागल्या, तेव्हा गिरणीवाल्यांनी पोत्यांवर मुद्दाम फुलाफुलांची नक्षी छापायला सुरुवात केली. म्हणजे पीठ कुणाचं चांगलं यापेक्षा फूल कुणाचं चांगलं यावर पोतं विकलं जाऊ लागलं. एकाच नक्षीची दोन पोती मिळेपर्यंत फ्रॉकचा घेर पुरा होत नसे, तेव्हा नवऱ्याने काय काय पोती उचलून पाहिली असतील याची कल्पना करावी.

आणि मुलांच्या मापाचं शिवणं आपल्यालाच जमत नाही असं वाटत असेल तर धीर धरा. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्र सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ अशी योजना राबवली. सरकारी शाळांतल्या लाखो मुलांचे गणवेश महिला बचत गटांकडून शिवून घ्यायचे ठरले. जून आला, पावसाळा झाला, कुठे गणवेशच पोचले नाहीत, कुठे पोचले ते मापात बसेनात. तक्रारी झाल्या, विधिमंडळात चर्चा झाली, आणि पुढल्या वर्षापासून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. यात शिवणाऱ्या बायकांचा काय दोष? माप आधी घेतलं जातं, शिलाई नंतर होते, आणि मधल्या काळात मूल वाढतं. हे ज्या घरात एकच मूल आहे तिथे जमत नाही, ते अख्ख्या राज्याला एका दमात कसं जमावं?

या सगळ्या व्यवहारात ज्याचं मत कुणी विचारत नाही तो म्हणजे मूल. त्याचे निकष वेगळे असतात. रंग कोणता, काठ कुठला, पैठणीचा पदर की कॉटन, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फ्रॉक अंगात गेल्याबरोबर ते हात वर करून उभं राहतं आणि निकाल देतं: ‘टोचतंय.’ कुठे टोचतंय ते सांगत नाही. आपण शिवणी चाचपतो, दोऱ्यांची टोकं कापतो, आतून मऊ अस्तर लावतो. ‘अजून टोचतंय.’ मग कळतं की टोचत काही नाही, त्यावर छोटा भीम नाही एवढंच दुःख आहे.

पण मुलाला हमखास जिंकणारी एक गोष्ट आहे आणि ती बाजारात मुलींच्या फ्रॉकला सहसा मिळत नाही. खिसा. खरा, खोल, हात मनगटापर्यंत जाईल असा. बापाच्या पँटचा आतला खिसा अखंड उसवून पोरीच्या फ्रॉकच्या बाजूच्या शिवणीत बसवून बघा. ती तो फ्रॉक धुवायला काढू देत नाही. त्यात दगड जातात, पेन्सिलीची टरफलं जातात, शेंगदाणे जातात, आणि एकदा गोगलगायही गेली होती; ती सापडली मशीनमध्ये, आणि मशीन शिवणाचं नव्हतं. पाठीवरचा ससा, दोन्हीकडे वेगळी लांबी असलेला घेर, थोडी डावीकडे पळालेली चेन, हे सगळं त्या एका खिशाच्या पोटात मावतं.

तेव्हा निष्कर्ष असा. घरी जुन्यातून शिवायचं तर झबली, चड्ड्या, परकर, घरातले फ्रॉक आणि शाळेच्या डब्याच्या पिशव्या शिवाव्यात. सुती कापड घ्यावं, आणि कापण्याआधी एकदा धुऊन घ्यावं, म्हणजे आटायचं ते आधी आटतं. तान्ह्या मुलांच्या कपड्याला गळ्याशी नाडी लावू नये आणि सुटं होईल असं बटण लावू नये. होजिअरी आणि जीन्स ज्याची त्याला द्यावी. लग्नाकार्याचा पोशाख ठाण्याच्या चुलतबहिणीकडे मागावा. तिची मुलगी दोन वर्षांनी मोठी असणं हे देवाघरचं देणं आहे. घेराला दोन इंच दुमड ठेवावी, खिसा द्यावा, आणि जे काही शिवायचं ते मे महिन्यातच हातावेगळं करावं. माप मात्र आदल्या दिवाळीचं वापरू नका. कात्री लावण्याआधी पोराला भिंतीशी उभं करून पुन्हा घ्या. तुमचं मशीन दुरुस्त होईपर्यंत ते वाढायचं थांबलेलं नसतं.